भूमिका ‘निभावली’ की ‘वठवली’?

प्रश्न असा आला आहे: हेन्री विंकलर या अमेरिकी टीव्ही नटावरच्या एका मराठी लेखात ‘त्याने फॉन्झीची भूमिका उत्तम निभावली’ असं वाक्य होतं. ते चालेल का? नसेल, तर ‘साकारली’ म्हणावं का?

नाही चालणार. हिंदीतलं ‘निभाना’ आपल्या वृत्तवाहिन्यांनी जसंच्या तसं उचललं आणि आता ते कानाला टोचतसुद्धा नाही, ही खरी चीड आणणारी गोष्ट. मराठीत निभावणं म्हणजे कसंबसं तडीला नेणं. ऐन वेळी पाहुणे आले, घरात होतं त्यात निभावलं. म्हणजे ‘उत्तम निभावली’ हे ‘झकास रडतखडत केली’ म्हणण्यासारखं झालं. ‘साकारली’ चूक नाही, पण हल्ली रांगोळीपासून उड्डाणपुलापर्यंत सगळंच साकारलं जातं. त्या शब्दात काही जीव उरलेला नाही.

आपलं क्रियापद आहे ‘वठवणे’. आणि ‘वठणे’ची गंमत कुणी नीट सांगतच नाही. झाड वठतं, म्हणजे वाळून कोळ होतं. चित्रही वठतं, म्हणजे हुबेहूब उतरतं. एकाच क्रियापदाला दोन उलटे अर्थ कसे? माझा तर्क असा: ओल्या मातीवर ठसा दाबला, माती वाळली, ठसा पक्का झाला. वाळणं आणि उमटणं हे एकाच घडामोडीचे दोन भाग. आमच्या ओळखीतले एक ज्येष्ठ व्युत्पत्तिकार म्हणतात, छे, हे दोन निराळे धातू, बोलता बोलता एकसारखे झाले. कोणते दोन, असं विचारलं की ध्वनिनियमांवर अर्धा तास बोलतात, पण धातू काही सांगत नाहीत. तोवर मी माझी माती सोडणार नाही.

शिवाय विंकलरची सगळी कारकीर्द माझ्या बाजूने साक्ष देते. हा १९४५ सालचा, न्यूयॉर्कचा. आईवडील १९३९ मध्ये बर्लिनहून निसटलेले ज्यू. पोराला वाचता येईना म्हणून ते त्याला जर्मनमध्ये ‘मठ्ठ कुत्रा’ म्हणत. त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्यात जन्मजात अडचण, आहे हे कळलं तेव्हा तो ३१ वर्षांचा होता, आणि तेही सावत्र मुलाची तपासणी झाली म्हणून. तरी येलच्या नाट्यविद्यालयातून शिकून बाहेर पडला होता. भूमिकेच्या निवडचाचणीला संहिता हातात दिली की अडखळायचं, मग मनचे शब्द घालायचे आणि वर सांगायचं, ‘मी तुम्हाला पात्राचा अर्क देतोय.’

१९७४ मध्ये ‘हॅपी डेज’ ही टीव्ही मालिका सुरू झाली. १९५० च्या दशकातलं मिलवॉकी हे अमेरिकी शहर. फॉन्झी हा त्यातला मोटरसायकलवाला उनाड, सुरुवातीला किरकोळ पात्र. चामडी जाकिटात तो गुंड दिसेल म्हणून वाहिनीने साधं कापडी जाकीट दिलं. निर्माते गॅरी मार्शल यांनी भांडून परवानगी मिळवली: मोटरसायकल जवळ असेल तेव्हाच चामडं. मग काय, मोटरसायकल जिथे तिथे हजर! एका प्रसंगात संहितेत होतं की फॉन्झी आरशासमोर केस विंचरतो. विंचरून घेणारे उनाड पडद्यावर चिकार होऊन गेलेले. विंकलरने कंगवा केसांपर्यंत नेला, आरशात पाहिलं, थांबला, आणि हातानेच ‘काही गरज नाही’ असं सांगून कंगवा खाली आणला. झाला फॉन्झी पक्का. वठणं म्हणजे हे.

आता वठण्याचा दुसरा अर्थ. ठसा इतका पक्का बसला की १९७८ च्या ‘ग्रीस’ चित्रपटातली नायकाची भूमिका त्याने नाकारली, पुन्हा तसलाच तेल लावलेला पोरगा नको म्हणून. ती जॉन ट्रॅव्होल्टाकडे गेली. १९८४ मध्ये मालिका संपल्यावर पुढे किती तरी वर्षं जो तो याच्यात फॉन्झीच बघायचा. नट म्हणून झाड वठलंच. तो निर्मितीकडे वळला, ‘मॅकगायव्हर’ या मालिकेच्या निर्मात्यांत त्याचं नाव आहे, डिस्लेक्सिया असलेल्या शाळकरी पोराच्या गोष्टींची पुस्तकं सहलेखिकेबरोबर लिहिली. पालवी फुटली ती ‘बॅरी’ या मालिकेत: स्वतःवर बेहद्द खूश असलेला अभिनय-शिक्षक. त्यासाठी २०१८ मध्ये प्राइमटाइम एमी हे अमेरिकी टीव्हीचं मानाचं पारितोषिक मिळालं, वयाच्या ७२ व्या वर्षी. फॉन्झीसाठी नामांकनं झाली होती, एमी नव्हतं मिळालं.

एक राहिलं. काही जण घाईत ‘भूमिका वटवली’ लिहितात. ट आणि ठ यांत फरक करा. वटतो तो चेक, वटते ती हुंडी. तो ‘वट’ माझ्या मते संस्कृत ‘वर्तते’, प्राकृत ‘वट्टइ’ यांच्या घरचा, फिरणारा, हातोहात जाणारा. ‘हॅपी डेज’मधल्या काही कलाकारांनी २०११ मध्ये मालिकेचे हक्क असलेल्या सीबीएस या कंपनीवर दावा लावला होता, आमचे चेहरे वस्तूंवर छापून विकलेत, त्याचा वाटा द्या म्हणून; पुढच्या वर्षी तडजोड झाली. तिथे ‘वटवणे’ खुशाल वापरा. विंकलर त्या दाव्यात नव्हता.