दाराशेजारच्या खोलीतली मुलगी

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. लगेच उत्तर दिलं असतं तर नुसती समजूत काढून मोकळी झाले असते, म्हणून दोन दिवस थांबले. मालिकेत पुन्हा नर्सचंच काम, चार वाक्यं, त्यातली दोन एडिटमध्ये गेली. आणि वर कुणीतरी ऐकवलं की सत्ताविशीनंतर मुलींना काही मिळत नाही. तू रडली असशील. रडलीस ते ठीकच. पण त्या माणसाचं बोलणं खरं धरू नकोस. का, ते सांगायला मला स्पेनमध्ये, माद्रिदला जावं लागेल.

माद्रिदमध्ये सांता आना नावाचा चौक आहे. चौकाच्या एका अंगाला तेआत्रो एस्पान्योल हे जुनं नाट्यगृह. त्याच चौकातल्या एका इमारतीत स्पॅनिश नटी मारिसा पारेदेसची आई पोर्तेरा होती. पोर्तेरा म्हणजे इमारतीच्या दाराशीच राहून जिना झाडणारी, पत्रं वाटणारी, आल्यागेल्यावर लक्ष ठेवणारी बाई. वडील बिअरच्या कारखान्यात कामाला. मारिसाचा जन्म ३ एप्रिल १९४६ चा. स्पेनमधलं यादवी युद्ध संपून सात वर्षं झालेली, फ्रँकोची हुकूमशाही, घरोघरी चणचण. अशा घरातल्या मुलीने नटी व्हायचं म्हणणं किती अवघड असेल, ते तुला मी सांगायला नको.

चौदाव्या वर्षी, १९६० मध्ये, ती पहिल्यांदा पडद्यावर आली, अगदी छोट्या कामात. पुढे नाटक. मग दूरदर्शन. स्पॅनिश टीव्हीवर 'एस्तुदिओ उनो' नावाचा कार्यक्रम होता, त्यात दर वेळी एक अख्खं नाटक चित्रित करून दाखवायचे. त्यात तिने भरपूर कामं केली. सिनेमात मात्र लहानसहान भूमिका. १९८३ मध्ये दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोवारने तिला 'डार्क हॅबिट्स'मध्ये घेतलं, पण तिथेही ती मठातल्या अनेक नन्सपैकी एक होती. जिच्या खांद्यावर त्याचा अख्खा सिनेमा उभा राहील अशी भूमिका त्याने तिला दिली ती १९९१ मध्ये, 'हाय हील्स'मध्ये. तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. पहिल्या कामापासून एकतीस वर्षांनी.

थांबलं की फळ मिळतंच, असं मी म्हणत नाही. मी आयुष्यभर या धंद्यात आहे, थांबून थांबून विझलेली गुणी माणसं मी पाहिली आहेत. मारिसा थांबलेली नव्हतीच. ती रंगमंचावर उभी राहून रोज बोलत होती. पंचेचाळिशीत भूमिका आली तेव्हा तिच्याकडे आवाज तयार होता, पाठीचा कणा तयार होता. नाटकाकडे 'मालिका मिळेपर्यंत' म्हणून बघणं सोड, असं मी तुला दोन वर्षं सांगतेय ते याचसाठी.

आता 'हाय हील्स' कुठूनही मिळव आणि बघ. त्यात ती बेकी देल पारामो आहे. प्रसिद्ध गायिका, मुलीला मागे सोडून मेक्सिकोला गेलेली, वर्षानुवर्षांनी माद्रिदला परतलेली. मुलगी तुरुंगात आहे आणि त्याच रात्री बेकीचा कार्यक्रम आहे. ती रंगमंचावर येते, खाली वाकते आणि फळीवर ओठ टेकते. उठते तेव्हा लाकडावर लिपस्टिकचा ठसा राहिलेला असतो, आणि बरोब्बर त्या ठशावर तिच्या डोळ्यातला एक थेंब पडतो. मग ती गाते. आवाज लुस कासाल या गायिकेचा आहे, म्हणजे आपण ज्याला प्लेबॅक म्हणतो तेच. आपण प्लेबॅकवर वाढलेली माणसं, त्यामुळे आपलं लक्ष ओठ जुळतात का याकडे जातं. तू ओठ बघू नकोस, श्वास बघ. ओळ सुरू व्हायच्या आधी तिची छाती कशी भरते ते बघ. मी हा प्रसंग निदान वीस वेळा पाहिला असेल.

पण मला तुला दाखवायचं आहे ते याच सिनेमात पुढे आहे. बेकी परत येऊन राहते ती जुन्या तळघरातल्या घरात. तिचे आईवडील त्या इमारतीचे राखणदार होते, ती त्या घरात वाढलेली. खिडकी रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे आतून दिसतात ती जाणाऱ्या-येणाऱ्यांची पावलं आणि बायकांच्या उंच टाचा. त्या खोलीत ती मरते. आता आठव, मारिसा कुणाची मुलगी होती. ती मुलाखतींमध्ये हे उघड सांगायची, मी पोर्तेराची मुलगी. सिनेमा आल्मोदोवारने लिहिला, हे खरं. पण दाराशी राहणाऱ्या माणसांना बाकीचे कसे ओलांडून जातात, हे त्या बाईला कुणी शिकवावं लागलं नसणार.

पुढचं भराभर सांगते. १९९५ मध्ये 'द फ्लॉवर ऑफ माय सीक्रेट'. त्यात ती टोपणनावाने प्रेमकादंबऱ्या लिहिणारी लेखिका आहे. नवऱ्याने दिलेले घट्ट बूट तिला स्वतःला काढताच येत नाहीत, ते ओढून काढायला मैत्रीण लागते. १९९९ मध्ये 'ऑल अबाऊट माय मदर'मधली नटी ऊमा रोखो. 'लाइफ इज ब्युटिफुल'मध्ये नायिकेची आई, काम छोटंसं. २००१ मध्ये दिग्दर्शक गिएर्मो देल तोरोच्या 'द डेव्हिल्स बॅकबोन'मध्ये एक पाय कृत्रिम असलेली, अनाथाश्रम चालवणारी बाई. ही सगळी पंचेचाळिशीनंतरची कामं आहेत, ती एकदा मोजून बघ. गोया हा तिकडचा सिनेमाचा मोठा पुरस्कार. स्पर्धेत तो तिला कधीच मिळाला नाही. २०१८ मध्ये सन्मानाचा म्हणून दिला. मला याचा अजून राग येतो.

२००० ते २००३ ती स्पेनच्या चित्रपट अकादमीची अध्यक्ष होती. इराक युद्धाच्या तोंडावर, फेब्रुवारी २००३ च्या गोया सोहळ्यात कलाकार छातीवर 'युद्ध नको' असं लिहिलेले बिल्ले लावून आले. तिथलं सरकार युद्धाच्या बाजूने होतं. अध्यक्ष म्हणून बोलताना ती म्हणाली, त्याचा आशय असा की संस्कृतीला घाबरू नका, घाबरायचं ते अज्ञानाला, हट्टी मतांना आणि युद्धाला. जिना झाडणाऱ्या बाईची मुलगी सगळ्या देशासमोर ताठ उभी राहून हे बोलली.

१७ डिसेंबर २०२४ ला ती गेली. अंत्यदर्शनासाठी तिला तेआत्रो एस्पान्योलमध्ये ठेवलं होतं, सांता आना चौकातच.

आता तुझ्याकडे येते. गेल्या महिन्यात ऑडिशनला तुला घरचं विचारलं तेव्हा 'आईचा केटरिंगचा बिझनेस आहे' म्हणालीस. मी बाजूलाच बसले होते. तुझी आई पहाटे साडेचारला उठून चाळीस डबे भरते. मी तिला पाहिलंय. डाव्या हाताने डब्याचं झाकण धरते, उजव्या हाताने पोळ्यांची घडी घालते, आणि बोलताना नजर घड्याळावर असते. एकदा फोनवर कुणीतरी भाजी खारट झाल्याचं बोलत होतं, तर ती 'हो दादा, हो दादा' म्हणत होती आणि हात एक क्षणही थांबले नव्हते.

तुझी ती नर्स मी पाहिली. तिचे हात रिकामे होते. चार वाक्यांपैकी दोन कापली याचं दुःख कर, पण उरलेल्या दोन वाक्यांत तुझ्या हातांना काही कामच नव्हतं, हे मला जास्त लागलं.

उद्यापासून आठ दिवस साडेचारला ऊठ आणि आईबरोबर डबे भर. मोबाइल आत ठेव. रविवारी संध्याकाळी माझ्याकडे ये, आणि ते 'हो दादा' मला शब्दांशिवाय, नुसत्या हातांनी करून दाखव. येताना डबा आणलास तर जेवूही.

तुझी,
ताई