परक्या शहरात सगळ्यांसोबत भिंत रंगवताना

नव्या देशात वस्तीतलं भित्तिचित्र हाती घेताय ना, मग कागदावर रेघ ओढायच्या आधी भिंतीला मोजायची टेप लावा. व्हीलचेअरवरच्या माणसाचा हात जमिनीपासून साधारण 40 ते 120 सेंटिमीटरपर्यंत आरामात पोचतो. चित्रातले चेहरे, पक्षी, नक्षी याच पट्ट्यात आणा. हे सगळं वर गेलं की त्यांच्या वाट्याला फक्त गवत उरतं, आणि ते मनाला लागतं. भिंतीपुढे दीड मीटर मोकळी जागा ठेवा, म्हणजे खुर्ची वळते. रंग टेबलावर मांडा.

अंधांसाठी उठावाच्या रेषा जाड अ‍ॅक्रिलिक पेस्टने, मेंदीसारख्या कोनातून पिळून काढा. दोन रेषांत बोटभर अंतर सोडा, नाहीतर स्पर्शाला नुसती गिचमीड लागते. भिंत खरवडून, धुऊन, पूर्ण वाळवून प्रायमर मारल्याशिवाय पेस्ट लावू नका. धूळ किंवा ओल राहिली तर रेषा पापुद्र्यासकट सुटतात.

रंगांधळेपणा असलेल्यांसाठी रंगसंगतीचा फोटो फोनवर कृष्णधवल करून बघा. लाल आणि हिरवा तिथे एकसारखे दिसले, तर एक फिका करा.

पकड कमी असलेल्यांसाठी ब्रशच्या दांड्यावर फोमची नळी चढवा. तिथली भाषा अजून सफाईने येत नसेल तर प्रत्येक पायरीचं चित्रकार्ड करा. तुमच्यासारख्याच नवख्या शेजाऱ्यांनाही ते उपयोगी पडतं. कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी मात्र तारीख ठरताच सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही.