काजव्यांच्या फोटोत दिसतात तेवढे काजवे खरंच असतात का? भंडारदऱ्याला तसा फोटो कसा काढायचा?

ठिपके दिसतात तेवढे काजवे असतातच असं नाही, कारण एकच काजवा पुन्हा पुन्हा चमकतो, आणि एका वेळी तेवढे चमकतही नाहीत. फोटोत पंधरा-वीस मिनिटांतला लखलखाट एकावर एक साठलेला असतो.

उदाहरण म्हणून अनमलाईच्या जंगलाचा श्रीराम मुरली यांचा फोटो घ्या. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत २०२३ साली अपृष्ठवंशी प्राण्यांच्या वर्तनाच्या गटात तो पहिला आला. जागा तमिळनाडूतल्या अनमलाई व्याघ्र प्रकल्पाची. प्रत्येकी १९ सेकंदांच्या ५० फ्रेम (सुटे फोटो) एकत्र करून तो तयार केला, हे फोटोसोबतच जाहीर केलेलं आहे. १९ गुणिले ५० म्हणजे ९५० सेकंद, जवळपास १६ मिनिटं. तिथे उभं राहून डोळ्यांना असं दृश्य दिसणार नाही, पण त्यातला प्रत्येक ठिपका त्या १६ मिनिटांत तिथे खरोखर चमकलेला आहे. म्हणून मी त्याला खोटा म्हणणार नाही. दुसऱ्याच डोंगराचा फोटो खाली ठेवून वर ब्रशने ठिपके मारणं, ही लबाडी. तशी चित्रंही दर जूनमध्ये मोबाइलवर फिरतात. ती ओळखायची खूण म्हणजे सगळे ठिपके एकाच मापाचे. खऱ्या फोटोत कॅमेऱ्याजवळचा काजवा फोकसबाहेर जाऊन गोल चकतीसारखा उमटतो, लांबचा टाचणीच्या टोकाएवढा, आणि उडता उडता चमकलेल्याची छोटी रेघ येते. रंग हिरवट पिवळा असतो. निळेशार काजवे दिसले तर ती संगणकाची कृपा समजा.

आता भंडारदरा. हंगाम साधारण मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. वळवाच्या दोन-तीन सरी पडून गेल्या की काजवे वाढतात आणि पाऊस धरून लागला की संपतात. त्यामुळे तारीख कॅलेंडरवरून ठरवू नका, गावात फोन करून ठरवा. अमावस्येच्या आगेमागे चार-पाच दिवस उत्तम. शनिवार-रविवार टाळा, कारण गाड्यांचे दिवे हा या फोटोचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. घाटघर, रतनवाडी, उडदावणे, पांजरे हा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. नाक्यावर शुल्क आणि रात्री आत थांबण्याच्या वेळा आधी विचारून घ्या, कारण फोटोला लागणारा वेळ त्यात बसला पाहिजे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा या झाडांवर काजवे दाटीने बसतात.

कॅमेऱ्याकडे वळण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. "काजवे फिके आले, मग शटर आणखी जास्त वेळ उघडं ठेवू" असं वाटणं साहजिक आहे. पण काजव्याची एक चमक सेकंदाच्या काही अंशापुरतीच असते. शटर ५ सेकंद उघडं असो की ३०, त्या एका चमकेचा सेन्सरवर पडणारा प्रकाश तेवढाच. शटरचा वेळ वाढवला की ठिपक्यांची संख्या वाढते आणि पार्श्वभूमी उजळते, ठिपका उजळत नाही. ठिपका उजळायचा तर अपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, मोठं करा (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं), नाहीतर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवा. एफ ४ ची लेन्स लावून एक मिनिट थांबण्यापेक्षा एफ १.८ ची साधी लेन्स लावून १५ सेकंद थांबणं केव्हाही चांगलं.

मग शटर सरळ १६ मिनिटं उघडं ठेवून एकच फोटो का काढत नाहीत? आकाश पांढरट होतं, सेन्सर तापून दाणे (नॉइज) वाढतात, आणि चौदाव्या मिनिटाला कोणी टॉर्च मारला की सगळंच गेलं. तुकड्यांत काढलं तर तेवढी फ्रेम टाकून देता येते.

दिवस मावळायच्या आत जागेवर पोचा. जूनच्या सुरुवातीला तिकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. झाडापासून १५-२० मीटर लांब ट्रायपॉड लावा, झाडाखाली मुळीच नको. उजेड असतानाच खोडावर ऑटोफोकस करा, लगेच मॅन्युअलवर न्या आणि फोकसच्या रिंगवर चिकटपट्टी लावा. अंधारात पुन्हा फोकस करता येत नाही, आणि हाताच्या धक्क्याने रिंग हलली तर ते घरी जाऊनच कळतं. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ४००० केल्विनच्या आसपास पक्का करून ठेवा, नाहीतर ऑटोमध्ये फ्रेमागणिक रंग बदलू शकतो. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली.

सूर्यास्तानंतर २०-३० मिनिटांनी, आकाशात निळसर उजेड असताना, पायाची फ्रेम काढा. झाडाचा, डोंगराचा आकार याच फ्रेममधून येणार. ती मुद्दाम अंधारी ठेवा, मीटर सांगेल त्याच्या दोन स्टॉप खाली, म्हणजे एक चतुर्थांश उजेड. त्याचं कारण पुढे जोडणीत येईल. यानंतर ट्रायपॉडला हात लावायचा नाही, पिशवीसुद्धा त्याला अडकवायची नाही.

पूर्ण अंधार झाला की एफ २.८ किंवा त्याहून मोठं अपर्चर, आयएसओ १६०० ते ३२००, शटर २० सेकंद. कंटिन्युअस मोडवर टाकून केबल रिलीजचं (वायरने जोडलेल्या शटरचं) बटण लॉक करा, किंवा इंटरव्हलोमीटरमध्ये (ठरावीक अंतराने फोटो काढणाऱ्या टायमरमध्ये) दोन फ्रेममध्ये एक सेकंदाचं अंतर ठेवा. ४५ ते ६० फ्रेम पुरतात. मेनूतलं 'लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन' बंद आहे ना, हे दोनदा बघा. ते चालू राहिलं तर प्रत्येक २० सेकंदांच्या फ्रेमनंतर कॅमेरा आणखी २० सेकंद स्वतःचा काळा फोटो काढत बसतो आणि अर्धे काजवे त्यातच निसटतात. तेच काम शेवटी एकदा करा. लेन्सला टोपी लावून, त्याच सेटिंगवर पाच-सहा काळ्या फ्रेम घ्या. त्यांचा उपयोग पुढे आहे.

हवा दमट असते. एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सच्या काचेवर वाफ धरते आणि अर्धा तास वाया जातो. पिशवी बंद ठेवूनच बाहेर ठेवा, कॅमेरा बाहेरच्या तापमानाला आला की मग उघडा. मायक्रोफायबरचं कापड खिशात, जास्तीची बॅटरी, आणि अचानक सर आली तर कॅमेऱ्यावर चढवायला हॉटेलातली शॉवर कॅप. ती महागड्या रेनकव्हरइतकीच कामाला येते.

घरी आल्यावर सगळ्या फ्रेमना रॉ कन्व्हर्टरमध्ये एकसारखी सेटिंग द्या. लेन्स करेक्शन द्यायचं तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नको, अन्यथा कडा जुळत नाहीत. नॉइज रिडक्शन फार चढवलं तर लांबचे बारीक काजवे दाणे समजून पुसले जातात. फोटोशॉपमध्ये सगळ्या फ्रेम एकावर एक लेयर म्हणून घ्या, पायाची फ्रेम सगळ्यात खाली, वरच्या सगळ्यांचा ब्लेंड मोड 'लाइटन'. मोफत हवं असेल तर स्टारस्टॅक्स हे सॉफ्टवेअर हेच काम करतं, काळ्या फ्रेमही घेतं, फक्त त्याला टिफ किंवा जेपेग द्यावे लागतात. लॅपटॉप जुना असेल तर दहा-दहाचे गठ्ठे जोडून मग ते गठ्ठे एकत्र करा.

लाइटन प्रत्येक ठिकाणचा सगळ्यात उजळ पिक्सेल ठेवतो, बाकीचे सोडून देतो. या पद्धतीतल्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात. पायाची फ्रेम उजळ असेल तर काजवे तिच्यात बुडतात, म्हणून ती अंधारी ठेवायची. वाऱ्याने पानं हलली असतील तर पानाआडचं उजळ आकाश जिंकतं आणि झाडाच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. सेन्सरवरचे गरम पिक्सेलही जिंकतात आणि फोटोत लाल-निळे खोटे काजवे भरतात. एका पिक्सेलएवढा, लालसर किंवा निळा ठिपका दिसला तर तो काजवा नाही. काळ्या फ्रेम वजा केल्या की तो जातो. पानांवरचा उपाय सोपा आहे: जोडण्याआधी काजव्यांच्या फ्रेममध्ये लेव्हल्सचं (उजेड-अंधार बदलण्याच्या पट्टीचं) काळं टोक वर सरकवा, पार्श्वभूमी पूर्ण काळी होऊन नुसत्या ठिणग्या उरल्या पाहिजेत. टॉर्च किंवा गाडीचा उजेड आलेल्या फ्रेमवर मास्क लावून तेवढा भाग झाका, किंवा फ्रेमच काढून टाका.

आकाशात तारे असतील तर आणखी एक गोष्ट. आकाश तासाला १५ अंश फिरतं, म्हणजे १६ मिनिटांत ४ अंश. सगळ्या फ्रेमचं आकाश जोडलं तर ताऱ्यांच्या रेघा होतात आणि ढगांचा फराटा. आकाश एकाच फ्रेमचं ठेवा, बाकीच्यांचं मास्कने झाका. हजारो काजवे आणि तरीही टिपूर ठिपक्यांसारखे तारे असा फोटो दिसला, तर त्यात बहुधा हेच केलेलं असतं.

मोबाइलवर होतं का? नाइट मोडवर पुष्कळदा निराशाच होते. तो अनेक फोटो जोडून, जे सगळ्यांत सारखं नाही त्याला दोष समजून पुसायला बघतो, आणि काजवा नेमका एकाच फोटोत असतो. प्रो मोड असेल तर ट्रायपॉडवर आयएसओ १६००, शटर २० ते ३० सेकंद, रॉ, आणि वरचीच जोडणी.

उजेडाबद्दल. काजव्याची चमक म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण. फ्लॅश मारला किंवा टॉर्च फिरवला की ते गप्प होतात, आणि प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं, त्यात एक संध्याकाळसुद्धा थोडी नाही. कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप लावा, एएफ असिस्ट लॅम्प (फोकसला मदत करणारा छोटा दिवा) बंद करा, स्क्रीनचा प्रकाश किमान ठेवा. चालताना लाल कागद गुंडाळलेली बॅटरी जमिनीकडे धरा. कोणी तोंडावर टॉर्च मारला तर डोळ्यांपुढे चमकणारे काजवे तेवढे मोजायला उरतात, झाडावरचे दिसायला डोळ्यांना पुन्हा वीसेक मिनिटं लागतात. मळलेली वाट सोडू नका: काही जातींच्या मादीला पंख नसतात, ती गवतात बसून नराला उत्तर देते, आणि अळ्या पालापाचोळ्यात गोगलगायींवर जगतात. पुढच्या वर्षीचे काजवे तुमच्या बुटाखाली असू शकतात.

फोटोत न येणारी एक गोष्ट राहते ती म्हणजे लय. काही झाडांवर काजवे एकाच ठेक्यात लागतात आणि विझतात, आणि उजेडाची लाट या फांदीवरून त्या फांदीवर धावत जाते. जोडलेल्या फोटोत ती सगळी सपाट होते. त्यासाठी फ्रेम घेऊन झाल्यावर दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या: एफ १.४ किंवा १.८, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/२५, आयएसओ १२८०० पर्यंत. दाणेदार येईल, येऊ द्या. आणि फोटो टाकताना खाली एक ओळ लिहा: इतक्या फ्रेम, प्रत्येकी इतके सेकंद, एकाच जागेवरून, पायाची फ्रेम संधिप्रकाशातली.