घरी खोललेल्या मारुती ८०० च्या इंजिनात अर्धचंद्रासारख्या दोन पातळ चकत्या निघाल्या. त्या कशाच्या?

भाऊ, त्या क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, थ्रस्ट वॉशर आहेत; क्रँकला मागेपुढे फार सरकू देत नाहीत. जपून ठेवा. बेअरिंगच्या शेलला (क्रँकभोवती बसणाऱ्या अर्धगोल पट्टीला) बाक असतो. या सपाट असतात आणि एका अंगाला तेलाच्या खाचा असतात. मेन जर्नलच्या (क्रँकचा ब्लॉकमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) दोन्ही बाजूंना बसवताना खाचांचं तोंड क्रँककडेच हवं. क्लच दाबला की सगळा रेटा यांच्यावर येतो. उलट्या बसल्या तर पोलादी पाठ क्रँकवर घासते. खाचांच्या बाजूवर नख फिरवून बघा, ओरखडे किंवा पोपडे लागले तर नव्याच घ्या.

क्रँक बसल्यावर मागेपुढे ढकलून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, मोजा. जमत नसेल तर जळगाव-धुळ्यातल्या चांगल्या इंजिन बोअरिंगवाल्याला दाखवा. आणि हो, आपल्या खानदेशातला उन्हाळी फुफाटा भारी वाईट, ब्लॉक झाकूनच ठेवा. कॉनरॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्यांच्या) टोप्यांची अदलाबदल मात्र मुळीच करू नका.