बाहीवरच्या पंख्यापासून सुरुवात कर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

पणजोबांच्या फोटोची प्रत पोचली. 'ते दुसऱ्या महायुद्धात विमान चालवायचे' असं घरात सगळे सांगतात, असं तू लिहिलंस. मी भिंग घेऊन बराच वेळ फोटो पाहिला. बाहीवर दोन पात्यांचा पंखा आहे. ती एलएसीची, म्हणजे लीडिंग एअरक्राफ्टमन या वायुदलातल्या खालच्या हुद्द्याची खूण. वैमानिकाचे पंख छातीवर असतात. तेव्हा पणजोबा विमान उडवत नव्हते, ते उडण्याजोगं ठेवत होते. हिरमुसू नकोस. त्यांच्या हातांवर भरवसा ठेवूनच वैमानिक वर जायचा.

आता आधी सर्व्हिस नंबर शोध. आजीच्या ट्रंकेत डिस्चार्जचा कागद किंवा पे-बुक असेल. पदकं असतील तर कडा नीट पाहा, नंबर कोरलेला असू शकतो. बर्माच्या लढाईचं बर्मा स्टार हे पदक निघालं तर आसाम-बर्माच्या आघाडीकडे वळ. दिल्लीत सुब्रतो पार्कला वायुदलाचं रेकॉर्ड ऑफिस आहे. तिथे नंबर आणि नात्याचा पुरावा जोडूनच लिही. माझ्या चुलत आजोबांसाठी मी नुसत्या नाव-गावावर अर्ज केला आणि वर्ष वाया घालवलं. आपली आडनावं तेव्हा इंग्रजीत कारकुनाला ऐकू येतील तशी उतरायची, म्हणून स्पेलिंगवर विसंबू नकोस.

मग ट्रेड, म्हणजे वायुदलातलं त्यांचं नेमकं काम. फ्लाइट मेकॅनिक इंजिन बघायचा, फ्लाइट रिगर सांगाडा, आर्मरर बंदुका आणि बॉम्ब. ट्रेड कळला की त्यांचा दिवस कसा जात असेल ते कळायला लागतं. घरात कुणाच्या तोंडी ड्रिग रोड, कोहाट, अंबाला असं एखादं नाव आहे का? ड्रिग रोड कराचीचं. 1 एप्रिल 1933 ला आपल्या वायुदलाची पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, तिथेच उभी राहिली. ते आणि कोहाट फाळणीत पलीकडे गेलं, म्हणून आपल्याकडे ही नावं विसरली गेली.

स्क्वाड्रन कळली तर तिची रोजनिशी मिळव. लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात या रोजनिशा एआयआर 27 या वर्गात असतात. त्यात वैमानिकांची नावं येतात, जमिनीवरच्यांची क्वचितच. तरी एकेक पान वाच. पहिली स्क्वाड्रन 1944 मध्ये हरिकेन ही लढाऊ विमानं घेऊन इंफाळला होती. मार्चअखेर जपान्यांनी इंफाळचा रस्ता तोडला, तो 22 जूनला उघडला. तोवर रसद विमानानेच यायची. त्या दिवसांत किती हरिकेन उडाली ते मोज. उतरलेलं प्रत्येक विमान पुन्हा तयार करायला कुणीतरी चिखलात उभं होतं.

आणि आजीला विचार, पणजोबा घरातला स्टो कसा खोलायचे. माझे चुलत आजोबा एकेक स्क्रू वर्तमानपत्रावर काढल्या क्रमाने मांडायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आजी सांगेल ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेव. नंबर सापडला की लगेच कळव.

तुझा,
काका