इन्स्टा-यूट्यूबवर घोडे विकणाऱ्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

घोडी घ्यायचीय आणि रील्स बघून डोकं चक्रावलंय असं तुम्ही लिहिलंय. माझं 2019 मध्ये चक्रावलं होतं, 1 लाख 80 हजार घालवून, म्हणून लिहायला बसलो.

व्हिडिओत मारवाडी घोडी, कानाची टोकं वर एकमेकांना टेकलेली, चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा, म्हणजे पंचकल्याणी, आणि गळ्यावर देवमन, म्हणजे शुभ मानतात तो केसांचा भोवरा. त्या भोवऱ्यावर व्यापाऱ्याने कॅमेरा चांगला पंधरा सेकंद धरलेला. आमच्या मामांनी चष्मा कपाळावर चढवून तेवढाच भाग चारदा बघितला आणि म्हणाले, घे डोळे झाकून. घेतली डोळे झाकून.

पिकअपमधून उतरली ती अगदी व्हिडिओतल्यासारखी. दावणीकडे नेताना कोब्यावरून चालली आणि आवाज आला, टप टप टप, मग जरा थांबून टप. पुढचा डावा पाय टेकला की मान वर जायची. नालबंदाने पाय उचलून दाखवलं, डावा खूर टाचेकडे आवळलेला, उजव्यापेक्षा बोटभर अरुंद, म्हणजे दुखणं कालचं नाही, कित्येक महिने ती त्या पायावर नीट भारच टाकत नव्हती. मी परत व्हिडिओ लावला. सगळी चाल नांगरलेल्या रानात आणि वरून ढोलाचं गाणं. मऊ जमिनीत लंगडणं लपतं, गाण्याखाली टापा लपतात. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणतो, साहेब, रंग खोटा निघाला का देवमन खोटा निघाला? आणि खरंच हो, एक शब्द खोटा नव्हता.

म्हणून हे लोक खोटं बोलतात का, यात मी पडतच नाही. काय दाखवत नाहीत ते बघा. डांबरी रोडवर, गाणं न लावता, न कापलेला व्हिडिओ मागा, येताना आणि जाताना दोन्ही. तोंड उघडून दात दाखवायला सांगा, पाचव्या वर्षी पुढचे सगळे पक्के दात येतात, त्यानंतर नुसत्या 'जवान घोडी' या शब्दावरून वय कळत नाही. मोबाईल जमिनीला टेकवून शूट केलं की 58 इंचाची पण 62 ची दिसते. आणि सारंगखेड्याच्या यात्रेत, म्हणजे तिथल्या घोडेबाजारात, इतक्या लाखांना मागितली, आम्ही दिली नाही, हे ऐकलं की स्क्रोल करा, मागितली म्हणजे विकली नव्हे. भाव इनबॉक्समध्ये सांगतात त्यावरून मात्र लगेच चोर समजू नका, फेसबुक-इन्स्टाच्या नियमात खासगी माणसांनी जिवंत जनावरं विकायला बंदी आहे.

पण खरा घात भोवऱ्यांनी केला. व्यापारी भोवऱ्यावर कॅमेरा धरतो कारण त्याला माहितीय की घरातलं मोठं माणूस तेच बघणार. मामांचं म्हणणं, तू जाऊन बघायला पाहिजे होतंस. मामा, 'डोळे झाकून' कोण म्हणालं होतं?

सगळेच तसले नसतात हेही सांगतो. नंतरचा घोडा मी ऑनलाइनच बघितला, त्या ब्रीडरने न मागता रोडवरचा व्हिडिओ पाठवला आणि जुनी जखम स्वतःहून दाखवली. तरी टोकन द्यायच्या आधी मी जाऊन आलो, सोबत डॉक्टर नेला, मामांना नेलं नाही.

ती घोडी अजून आमच्याकडेच आहे, सवारीला काढत नाही. मागच्या वर्षी तिने शिंगरू दिलं, चांगलं निघालं, आणि मामा गावभर सांगत फिरतात, बघा, देवमन.