जड रायफल की हलकी कार्बाइन – मराठीत नेमकं काय लिहायचं?

प्रश्न असा आलाय. शस्त्रांवरच्या एका लेखाचं मराठी भाषांतर चाललंय, लेखात चर्चा आहे की सैनिकाने पूर्ण ताकदीचं काडतूस मारणारी जड रायफल उचलावी की हलकी कार्बाइन, आणि भाषांतर करणाऱ्यांनी शीर्षक दिलंय 'भारी बंदूक की हलकी बंदूक?' त्यांना विचारायचंय की हे चालेल का, आणि कार्बाइनला मराठीत स्वतःचा शब्द आहे का, की 'छोटी बंदूक' म्हणून भागवायचं.

माझं मत सरळ आहे, हे चालणार नाही. पहिली अडचण साधी आहे पण तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मराठीत 'हलका' हा फक्त वजनाचा शब्द नाहीये. हलक्या प्रतीचं कापड, हलकं सामान, हलक्या मनाचा माणूस... वस्तूला हलकं म्हटलं की कमअस्सल असा वास येतोच. आणि 'भारी' म्हणजे आजकाल उत्तम, झकास. म्हणजे 'भारी बंदूक की हलकी बंदूक' वाचून वाचकाच्या डोक्यात निकाल आधीच लागतो, भारी ती चांगली आणि हलकी ती टाकाऊ, आणि लेखाचा अख्खा मुद्दा तर हा आहे की दोन्हींची आपापली बाजू आहे. त्यामुळे 'वजनाला हलकी' असं लिहा, किंवा नुसतं 'कमी वजनाची'. एक शब्द वाढतो, पण अर्थ सरळ राहतो. 'जड' मात्र बिनधास्त वापरा, त्यात असा घोळ नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे आणि खरं सांगायचं तर ती मूळ इंग्रजी बोलण्यातच आहे. 'पूर्ण ताकदीची रायफल' आणि 'कार्बाइन' हे एकमेकांचे विरुद्धार्थी शब्द नाहीतच. पूर्ण ताकद ही गोष्ट काडतुसाची आणि कार्बाइन ही गोष्ट लांबीची. आखूड नळीची, घोडेस्वाराला खोगिरावर बसून हाताळता येईल अशी बंदूक, हा कार्बाइनचा जुना अर्थ. पायदळाची ती लांब रायफल आणि स्वाराची ती कार्बाइन, आत काडतूस बऱ्याचदा तेच. जर्मनांची दुसऱ्या महायुद्धातली नेहमीची रायफल घ्या, तिचं नाव काराबिनर ९८ कुर्त्झ, म्हणजे शब्दशः 'आखूड कार्बाइन ९८'. नावात आखूड आहे, कार्बाइनही आहे, आणि वस्तू काय तर १.११ मीटर लांब, चार किलोच्या आसपास, ७.९२ मिमीचं (हा आकडा साधारण गोळीच्या जाडीचा) पूर्ण ताकदीचं काडतूस मारणारी! तिला आखूड म्हणायचं कारण एवढंच की तिच्याआधीची गेवेर ९८ ही सव्वा मीटर लांब होती.

आता याच्या उलट टोक बघा. अमेरिकन सैन्यात १९४०च्या दशकात दोन बंदुका शेजारी शेजारी होत्या, एम१ गॅरंड ही साधारण ४.३ किलोची रायफल आणि एम१ कार्बाइन ही साधारण २.४ किलोची. नावं इतकी जवळची की वाटावं एकीची नळी कापून दुसरी केली असेल, पण तसं अजिबात नाही, कार्बाइनचं काडतूसच वेगळं, लहान, आणि त्याची ऊर्जा गॅरंडच्या काडतुसाच्या निम्म्याहूनही कमी. ती दिली होती ड्रायव्हरना, तोफखान्यातल्या लोकांना, अधिकाऱ्यांना, म्हणजे ज्यांचं मुख्य काम बंदूक चालवणं नव्हतं पण हातात पिस्तुलापेक्षा काहीतरी जास्त हवं होतं अशांना.

आणि तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं कारण ते शब्दाचा गोंधळ अगदी उघडा पाडतं. ब्रिटिशांनी १९४४ साली ली-एनफील्ड रायफल कापूनछाटून वजन जवळजवळ किलोभर कमी केलं, तिलाच लोक जंगल कार्बाइन म्हणायला लागले, पण काडतूस तेच जुनं .३०३. परिणाम काय, तर वजन कमी आणि बार तेवढाच, म्हणून खांद्याला बसणारा धक्का वाढला, नळी आखूड म्हणून तोंडाशी जाळ मोठा, त्यासाठी पुढे शंकूसारखं टोपण लावावं लागलं. म्हणजे ही कार्बाइनही आहे आणि पूर्ण ताकदीचीही आहे. 'जड की हलकी' या जोडीत तिला कुठे बसवणार?

म्हणून भाषांतरात आधी ठरवा की लेखक नक्की कशाची तुलना करतोय. आजच्या लेखांमध्ये बहुतेक वेळा दोन फरक एकत्र आलेले असतात, एका बाजूला ७.६२×५१ मिमीची (पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा काडतुसाच्या कवचाच्या लांबीचा) लांब रायफल आणि दुसऱ्या बाजूला ५.५६×४५ मिमीची आखूड कार्बाइन. पहिलीची गोळी साडेनऊ ग्रॅमच्या आसपास आणि दुसरीची चार ग्रॅम. अख्खं काडतूस धरलं तर ७.६२चं साधारण २४ ग्रॅम आणि ५.५६चं साधारण १२, म्हणजे तेवढ्याच वजनात दुप्पट काडतुसं नेता येतात, आणि पाठीवर ओझं घेऊन दिवसभर चालणाऱ्याला हा हिशोब नळीच्या लांबीपेक्षा जास्त जाणवतो. उलट पल्ला लांबचा असला, मध्ये भिंत किंवा झाडाचा बुंधा असला, की मोठ्या काडतुसाची किंमत कळते. दारातून आत शिरायचं असलं, गाडीतून पटकन उतरायचं असलं, की आखूड नळी बरी. अमेरिकन एम४ कार्बाइनची नळी १४.५ इंच आहे, तिच्या मोठ्या बहिणीची, एम१६ची, २० इंच, आणि काडतूस दोघींचं एकच. इथे 'कार्बाइन' शब्द अगदी जुन्या अर्थाने वापरलाय, निव्वळ लांबीच्या. तरी नळी आखूड झाली की त्याच काडतुसाच्या गोळीचा वेग कमी होतो, कारण मागच्या वायूला तिला ढकलायला कमी अंतर मिळतं, त्यामुळे लांबी आणि ताकद यांचा संबंधच नाही असंही नाही. पण संबंध असणं वेगळं आणि एकच असणं वेगळं.

आता 'बंदूक' या शब्दाकडे येतो, कारण दोघींना बंदूकच म्हणावं का हाही प्रश्न आहे. बंदूक हा शब्द फार मजेदार वाटेने आलाय. अरबीत 'बुंदुक' म्हणजे हेझलनट, ते गोल कवचाचं फळ, मग त्या आकाराची छोटी गोळी, मग ती गोळी मारायचं साधन, आणि फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत ती झाली बंदूक. म्हणजे शब्दाच्या पोटात नळी नाही, गोळी आहे. म्हणूनच तो इतका सैल आहे की तोड्याची बंदूक, ठासणीची बंदूक, बारा बोअरची बंदूक, सगळ्यांना पुरतो. रायफल मात्र नळीवरून आलेलं नाव आहे. नळीच्या आत पीळदार खाचा पाडणं, स्क्रूला आटे असतात तशा, याला इंग्रजीत 'रायफल' हेच क्रियापद आहे, आणि त्या खाचांमुळे गोळी गरगरत जाते म्हणून नेम सरळ राहतो. तेव्हा प्रत्येक रायफल ही बंदूक आहे, पण प्रत्येक बंदूक रायफल नाही, ठासणीच्या बंदुकीची नळी सहसा आतून गुळगुळीत असते. तुमच्या लेखात दोन्ही शस्त्रांना खाचा आहेत आणि तुलना बारीक आहे, तिथे 'बंदूक' लिहून तो बारीकपणा घालवू नका. एखाद्या ठिकाणी तोच शब्द पुन्हा पुन्हा नको म्हणून 'बंदूक' आली तर हरकत नाही, शीर्षकात नको.

कार्बाइनला मराठी शब्द आहे का, याचं उत्तर खूप जणांना चकित करेल. होता! 'कडाबीन'. हाच युरोपातला शब्द आपल्याकडे फार आधी येऊन इथल्या जिभेवर घासून कडाबीन झाला होता, जुन्या मराठीत आणि हिंदीतही, आखूड बंदूक याच अर्थाने. काडतूस जसं पोर्तुगीज कार्तुशवरून आलं आणि आता कुणाला परकं वाटत नाही तसंच हे. फरक एवढाच की काडतूस टिकलं, आणि कडाबीन विसरली गेली आणि तोच शब्द इंग्रजीच्या दारातून कार्बाइन होऊन परत आला. मला कडाबीन मनापासून आवडतो, कानाला काय खणखणीत लागतो बघा, अनेकवचन कडाबिनी, सामान्यरूप कडाबिनीला, सगळं मराठीच्या चालीत बसतं. पण आजच्या एम४ला कडाबीन लिहा असं मी सांगणार नाही, वाचकाला ऐतिहासिक कादंबरी वाचतोय असं वाटेल. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या घोडेस्वाराबद्दल लिहीत असाल तर मात्र कार्बाइन नको, तिथे कडाबीनच हवी.

'भुशुंडी' वगैरे शब्द कुणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगतो, ते महाभारतातल्या शस्त्राचं नाव आहे, आणि बंदुकीला लावायचं तर आधी तळटीप द्यावी लागेल. ज्या शब्दाला तळटीप लागते तो शीर्षकात कसा चालेल.

अजून एक खाचखळगा आहे आणि तो फक्त आपल्याकडच्या वाचकासाठी आहे. आपल्याकडे पोलीस, निवृत्त फौजी, बातमीदार 'कार्बाइन' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांच्या डोळ्यासमोर ९ मिमीची, स्टर्लिंग या ब्रिटिश शस्त्राच्या घाटाची बंदूक असते, मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, डाव्या बाजूला आडवं निघालेलं. ती पिस्तुलाचं काडतूस मारते! इंग्रजीत तिला सबमशीनगन म्हणतात, पण ब्रिटिश फौजेत आधी अशा शस्त्रांना मशीन कार्बाइन म्हणायची पद्धत होती, स्टेनगनचंही सरकारी नाव तसंच होतं, आणि तो वापर आपल्याकडे रुळला. म्हणजे तुमचा वाचक फौजी असेल तर 'कार्बाइन' वाचून तो ५.५६च्या आखूड रायफलीऐवजी भलत्याच वस्तूचा विचार करेल. यावर उपाय एकच, पहिल्यांदा शब्द येतो तिथे काडतुसाचा आकडा द्या, '५.५६ मिमी कार्बाइन', पुढे नुसतं कार्बाइन पुरेल. आकडे आपल्या लोकांना परके नाहीत, थ्री नॉट थ्री सगळ्यांच्या तोंडात आहे की. (त्यातला 'नॉट' म्हणजे नकार नाही बरं का, शून्य. इंचाचे तीनशे तीन सहस्रांश.)

राहता राहिलं लिंग आणि लेखन. रायफल ती, कार्बाइन ती, बंदूक ती, पण पिस्तूल ते आणि काडतूस ते. 'बंदूक'चा दू दीर्घ, 'बंदुकीचा' मध्ये ऱ्हस्व, तसंच काडतूस आणि काडतुसं. अनेकवचन रायफली लिहा, रायफल्स कशाला, बोलताना आपण रायफलीच म्हणतो. कार्बाइनचं 'कार्बाइनी' मला चालतं, जड वाटलं तर 'दोन कार्बाइन' असं न बदलता ठेवा. 'फुल पॉवर'साठी 'पूर्ण ताकदीचं काडतूस' छान आहे, फक्त विशेषण काडतुसाला लावा, रायफलीला नको. 'पूर्ण-शक्ती रायफल' असा जोडशब्द तर नकोच, मराठीत कुणी असं बोलत नाही. आणि ५.५६साठी 'कमी ताकदीचं' लिहू नका, कमी ताकदीचं तर पिस्तुलाचं असतं, हे 'मधल्या ताकदीचं'.

तर तुमचं शीर्षक मी असं करेन: 'लांब पल्ल्याची जड रायफल की आखूड कार्बाइन?' आणि पहिल्याच वाक्यात, 'सैनिकाच्या हाती ७.६२ मिमीचं पूर्ण ताकदीचं काडतूस मारणारी जड रायफल द्यावी, की ५.५६ मिमीची, वजनाला हलकी, आखूड कार्बाइन?' वाक्य थोडं लांब झालं, पण मोठ्याने वाचून बघा, कुठे अडखळायला होत नाही.